आजारी कुत्र्याला रेबीजची लस टाळता येते का?

“डॉक्टर, आमचा मोती आता म्हातारा झाला, घराबाहेरही जात नाही. यंदा रेबीजची लस राहू दिली तर चालेल का?” जनावरांच्या दवाखान्यात असा प्रश्न नेहमी ऐकू येतो. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. मुक्या जिवाला उगाच त्रास नको, एवढीच भावना असते. पण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस काय किंवा जनावर काय, सहसा वाचत नाही. म्हणून याचे उत्तर विचारपूर्वकच द्यावे लागते.

पिलू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस, वर्षभराने दुसरी आणि पुढे आपल्याकडे बहुधा दरवर्षी एक, असा रिवाज आहे. अनेक महानगरपालिका कुत्र्याचा परवाना देताना लसीचा दाखला मागतात.

लस पुढे ढकलण्याची कारणे मोजकीच आहेत. कुत्र्याला ताप असेल, उलट्या-जुलाब होत असतील किंवा मोठा आजार असेल, तर तो बरा होईपर्यंत थांबतात. कर्करोगावरील किंवा स्टिरॉइडची जास्त मात्रेची औषधे चालू असतील, तर प्रतिकारशक्ती मंदावते आणि लसीचा पुरेसा उपयोग होत नाही. पूर्वी लस टोचल्यावर थोड्याच वेळात तोंड सुजणे, अंगावर गांधी उठणे, धाप लागणे असा प्रकार झाला असेल, तर ते पशुवैद्यकाला आधीच सांगावे. एखादा दिवस मलूल राहणे किंवा टोचल्या जागी गाठ येणे ही मात्र किरकोळ बाब आहे. नुसते म्हातारपण हेही कारण नव्हे. घरातच राहणाऱ्या कुत्र्यालाही अंगणात शिरलेले भटके कुत्रे चावू शकते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने यासाठी केलेला नियम समजून घेण्यासारखा आहे. लसीमुळे कुत्र्याच्या जिवाला धोका आहे, असे पशुवैद्यकाने लिहून दिले आणि स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याने ते मान्य केले, तर 2012 पासून तेथे सूट मिळते. ही सूट कायमची नसते. पशुवैद्यकाला दरवर्षी नव्याने तसे ठरवावे लागते. शिवाय असा कुत्रा कायद्याने ‘लस न दिलेला’च मानला जातो. आरोग्य अधिकाऱ्याने ठरवल्यास त्याला घराच्या आवारातच ठेवावे लागते, बाहेर नेताना सहा फुटांपेक्षा लांब साखळी चालत नाही, ती मोठ्या माणसाच्याच हाती असावी लागते आणि लस न दिलेल्या कुत्र्या-मांजरांशी त्याचा संबंध येऊ देता येत नाही. थोडक्यात, लस टळली तरी जबाबदारी टळत नाही, उलट वाढते.

आपल्याकडेही पशुवैद्यकाने लस थांबवायला सांगितली, तर ते कारण व पुढची तारीख लेखी घ्यावी, आणि तोवर हीच पथ्ये पाळावीत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. ही सूट जनावरापुरती आहे, चावलेल्या माणसाला नाही. गरोदर स्त्री असो, तान्हे मूल असो वा दुर्धर आजाराचा रुग्ण, कुत्रा चावल्यानंतरची लस कोणालाही वर्ज्य नाही. जखमेवर हळद, चुना, तिखट असले काही लावू नये. ती वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. सरकारी रुग्णालयात ही लस मिळते. जखम खोल असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागते. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे. मात्र त्या दहा दिवसांसाठी उपचार थांबवू नयेत. “घरचाच कुत्रा आहे, काही होत नाही,” असे म्हणत घालवलेला वेळ पुन्हा हाती येत नाही.