दूरच्या मनोऱ्याची ओळख कशी पटवावी?

11 ते 15 किलोहर्ट्झ या पट्ट्यातील एका रेडिओ लहरीची लांबी 20 ते 27 किलोमीटर भरते. नागपूर ते कामठी हे अंतरही तीत सहज मावेल. अशा लहरी जमीन आणि आकाशातील आयनांबर यांच्यामधल्या पोकळीतून, जणू बोगद्यातून, हजारो किलोमीटर जातात आणि समुद्राच्या पाण्यातही काही मीटर शिरतात. जहाजे, विमाने व पाणबुड्यांना स्वतःचे स्थान कळावे म्हणून त्यांचा उपयोग झाला तो यामुळेच. अमेरिकेने भागीदार देशांसह उभारलेली ‘ओमेगा’ यंत्रणा जगभरच्या आठ स्थानकांवरून चाले. उपग्रहांनी तिचे काम हाती घेतल्यावर 30 सप्टेंबर 1997 रोजी ती बंद झाली. रशियाची ‘अल्फा’ मात्र त्यानंतरही हौशी श्रोत्यांना ऐकू येत राहिली.

आमच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अल्फाचे मोल असे, की तिचा शोध घ्यायला महागडा रेडिओ लागत नाही. लाकडी चौकटीवर तांब्याच्या तारेचे पुष्कळ वेढे, एक लहानसा वर्धक आणि संगणकातील ध्वनिपत्रक एवढ्यावर काम भागते. ध्वनिपत्रक सेकंदाला 48,000 नमुने घेत असेल, तर 24 किलोहर्ट्झपर्यंतचे सारे पडद्यावर उमटते. (वारंवारिता कानाच्या आवाक्यातली असली तरी हा ध्वनी नव्हे, नुसत्या कानाला तो कधीच ऐकू येणार नाही.)

खरी परीक्षा पुढे आहे. पडद्यावर रेघ दिसली, एवढ्याने ती रशियातून आली असे ठरत नाही. मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवा, विजेच्या तारांची गुणगुण, सारेच याच पट्ट्यात रेघा ओढतात. म्हणून संगणक बॅटरीवर चालवावा, चौकट इमारतीपासून दूर मैदानात न्यावी. जी रेघ इमारतीबरोबर मागे पडते, ती घरचीच. विजांची कडकड मात्र कुठेही गेले तरी सुटत नाही. पावसाळ्यात तर तिचाच सुकाळ असतो.

उरलेल्या रेघांची वारंवारिता पाहावी. अल्फाच्या मुख्य वारंवारिता तीन: सुमारे 11.905, 12.649 आणि 14.881 किलोहर्ट्झ. त्यानंतर लय तपासावी, आणि आमच्या मते हाच सर्वांत भक्कम पुरावा. अल्फाचे चक्र 3.6 सेकंदांचे असून त्यात सहा खिडक्या असतात. प्रत्येक खिडकीत 0.4 सेकंद सूर आणि मग 0.2 सेकंद शांतता. कोणत्या स्थानकाने कोणत्या खिडकीत कोणती वारंवारिता पाठवायची, हे आधीच ठरलेले असते. वसतिगृहातील घंटेच्या ठोक्यांवरून जेवण की प्रार्थना हे ओळखावे, तसे या क्रमावरून स्थानक ओळखता येते. चार्जरला असे वेळापत्रक नसते.

दिशा हा आणखी एक साक्षीदार. चौकट हळूहळू फिरवली, की एका स्थितीत संकेत जवळजवळ लोपतो. तेव्हा चौकटीच्या आरपार पाहिल्यास नजर स्थानकाच्या रेषेत असते. नागपूर परिसरातून नोव्होसिबिर्स्क जवळजवळ थेट उत्तरेला, क्रास्नोदार वायव्येला आणि खबारोव्स्क ईशान्येला पडते. तिन्ही दिशा इतक्या वेगळ्या, की गोंधळास फारसा वाव नाही.

एक अडचण मात्र राहते. चौकट समोर आणि मागे यांत भेद करीत नाही. उत्तर आणि दक्षिण तिला सारखीच. तमिळनाडूतील तिरुनेलवेलीजवळ भारतीय नौदलाचे ‘आयएनएस कट्टबोम्मन’ हे केंद्र आहे. ते 18.2 किलोहर्ट्झवर पाणबुड्यांशी संपर्क साधते, आणि नागपूरहून तेही नोव्होसिबिर्स्कच्याच रेषेत, पण दक्षिणेला येते. तेथे वारंवारिताच निवाडा करते. शिवाय त्याची पट्टी थोडी रुंद असते, तीत 3.6 सेकंदांची लय नसते. नवशिक्यांनी आरंभ याच संकेतापासून करावा, कारण जवळचे व बलवान केंद्र सापडले की चौकट नीट काम करते याची खात्री पटते.

नोंदवहीत तारीख, वेळ, हवामान व चौकटीची दिशा लिहावी. काहीच न सापडलेल्या रात्रीची नोंदही तितक्याच काळजीने करावी. एखादे स्थानक कायमचे मौन झाले, तर ते अशाच कोऱ्या ओळींवरून कळते.