सीलबंद लिफाफ्यातला नकार : ‘मीडियावन’ खटल्याचा मागोवा
उपग्रह वाहिनीला भारतात अपलिंक-डाउनलिंकची परवानगी माहिती व प्रसारण मंत्रालय देते. त्याआधी गृह मंत्रालयाची सुरक्षा मंजुरी लागते. कोझिकोडच्या ‘मीडियावन’ या मल्याळी वृत्तवाहिनीला अशी परवानगी ३० सप्टेंबर २०११ रोजी दहा वर्षांसाठी मिळाली होती. मुदत संपण्याआधीच नूतनीकरणाचा अर्ज गेला. ५ जानेवारी २०२२ला उलट कारणे दाखवा नोटीस आली : सुरक्षा मंजुरी नाकारली आहे, तर परवानगी रद्द का करू नये? मंजुरी का नाकारली, हे नोटिशीत नव्हते. कारणच ठाऊक नाही, तर खुलासा कशाचा करायचा? ३१ जानेवारीला परवानगी रद्द झाली.

वाहिनी केरळ उच्च न्यायालयात गेली. सरकारने कागदपत्रे सीलबंद लिफाफ्यात दिली. ती न्यायाधीशांनी पाहिली, वाहिनीला दाखवली नाहीत. ८ फेब्रुवारीला एकल न्यायपीठाने याचिका फेटाळली आणि प्रक्षेपण थांबले. २ मार्चला खंडपीठानेही तोच निकाल कायम केला. फाइलमधून प्रकरणाचे स्वरूप आणि गांभीर्य उलगडत नाही, असे खंडपीठाने स्वतःच नोंदवले होते. तरीही राष्ट्रीय सुरक्षेचे नाव पुरेसे ठरले. निकालाची हीच बाजू सर्वांत लंगडी होती.

अशा निकालावर सर्वोच्च न्यायालयात थेट अपिलाचा हक्क नसतो. घटनेच्या अनुच्छेद १३६ खाली आधी अपिलाची विशेष अनुमती मागावी लागते, आणि ती द्यायची की नाही हे न्यायालय ठरवते. बहुतेक विशेष अनुमती याचिका इथेच संपतात. ही टिकली. १५ मार्चला न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. सूर्य कांत आणि न्या. विक्रम नाथ यांनी फाइल पाहून बंदीच्या आदेशाला स्थगिती दिली आणि वाहिनी पुन्हा सुरू झाली. पुढे अनुमती मिळून याचिकेचे दिवाणी अपील झाले.

अंतिम निकाल ५ एप्रिल २०२३चा, सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. हिमा कोहली यांचा. लिफाफ्यात काय होते, ते त्यातून उघड झाले : नागरिकत्व दुरुस्ती कायदा (सीएए), राष्ट्रीय नागरिक नोंदवही (एनआरसी), बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा (यूएपीए) अशा विषयांवरच्या वृत्तांकनावरून ठेवलेला ‘व्यवस्थाविरोधी’ असा ठपका, आणि जमात-ए-इस्लामी हिंदशी कथित संबंध. सरकारवर टीका म्हणजे व्यवस्थाविरोध नव्हे, आणि ती संघटना बंदी घातलेली नाही, असे न्यायालयाने म्हटले. राष्ट्रीय सुरक्षा हवेतून मांडता येत नाही, त्यामागे तथ्य लागते, हेही बजावले. माहिती गुप्त ठेवायचीच असेल, तर सरकारने तसा रीतसर दावा करावा. न्यायालय न्यायमित्र नेमून तो तपासेल, अशी पर्यायी पद्धतही आखून दिली.

उच्च न्यायालयाचे दोन्ही निकाल आणि मंत्रालयाचा आदेश रद्द झाले. चार आठवड्यांत नूतनीकरण करा, तोवर अंतरिम आदेश लागू राहील, असे मंत्रालयाला सांगण्यात आले.