बदलत्या आज्ञावलीची अखंड तपासणी

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून सुरू झालेल्या 'नॉटपेट्या' या संगणकीय हल्ल्याची झळ थेट रायगडच्या किनाऱ्याला पोहोचली. उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. तेथील गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल मर्स्क समूहातील एपीएम टर्मिनल्सच्या अखत्यारीत येते. हल्ल्यानंतर त्याचे संगणकीय कामकाज ठप्प झाले आणि कंटेनरची ये-जा रखडली. क्रेन शाबूत होत्या, धक्काही शाबूत होता. बिघडले होते ते केवळ सॉफ्टवेअर. मर्स्कला जगभरात ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभारावे लागले. नुकसानीचा अंदाज २० ते ३० कोटी डॉलर इतका होता.

या हल्ल्याने पसरण्यासाठी वापरलेल्या मार्गांपैकी एक मार्ग विंडोज प्रणालीतील जुन्या चुकीने खुला करून दिला होता. संगणकांमध्ये फायलींची देवाणघेवाण करणाऱ्या भागात एका यादीचा आकार दुरुस्त करून लिहायचा होता. आकड्यासाठी ३२ बिटांची जागा होती. दुरुस्ती मात्र खालच्या १६ बिटांतच होत असे. वहीतील १,००,००० हा आकडा खोडून ९९,९५० करायचा, पण बदलायचे फक्त शेवटचे पाच अंक, असे केल्यास पुढचा १ तसाच राहतो आणि १,९९,९५० तयार होतात. कमी व्हायचा आकडा वाढतो. या फुगलेल्या आकड्यानुसार माहिती लिहिली गेली की ती राखून ठेवलेल्या जागेबाहेर सांडते आणि तेथेच घुसखोराला वाट मिळते. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये ही चूक दुरुस्त केली होती. तथापि असंख्य संगणकांवर ती दुरुस्ती पोहोचलेलीच नव्हती.

न चालवता तपासणी

अशा चुका आज्ञावली प्रत्यक्ष न चालवता शोधण्याच्या शास्त्राला 'स्थिर विश्लेषण' अर्थात स्टॅटिक अ‍ॅनालिसिस म्हणतात. होडी पाण्यात लोटण्यापूर्वी तिचा सांधा न् सांधा तपासावा, तसाच हा प्रकार. चाचणीत आज्ञावलीला काही निवडक माहिती देऊन निकाल पाहिला जातो. स्थिर विश्लेषणात मात्र प्रत्येक ओळीपाशी कोणत्या चलाची किंमत कोठपासून कोठपर्यंत असू शकेल, याचा गणिती अंदाज बांधला जातो. पॅट्रिक व राधिया कूझो या दांपत्याने १९७७ साली या पद्धतीचा भक्कम सैद्धांतिक पाया घातला. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ हे युरोपीय रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. ६४ बिटांची संख्या १६ बिटांत कोंबण्याची चूक त्याच्या मुळाशी होती. त्यानंतर या शास्त्राकडे उद्योगजगताचे लक्ष अधिक वेधले गेले.

बदलांचा प्रश्न

खरी अडचण आकारमानाची आणि बदलाची आहे. लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात ३ कोटींहून अधिक ओळी आहेत. मोठ्या कंपन्यांत रोज शेकडो अभियंते आपापले बदल जोडत असतात. प्रत्येक वेळी सर्व ओळींचे विश्लेषण पहिल्यापासून करायचे तर त्यास तासन् तास लागतात आणि निकाल हाती येईपर्यंत आज्ञावली पुन्हा बदललेली असते.

यावरील उपाय महसूल खात्याच्या कारभाराशी ताडून पाहता येईल. गावातील एक जमीन विकली गेली म्हणून कोणी साऱ्या तालुक्याची फेरमोजणी करीत नाही. फेरफाराची नोंद होते आणि संबंधित सातबारा तेवढा बदलतो. वाढीव विश्लेषणाचे तत्त्वही हेच. आज्ञावलीच्या प्रत्येक उपविभागाचा, म्हणजे फंक्शनचा, एक सारांश जपून ठेवला जातो : त्याला काय दिलेले हवे, ते काय परत देते, स्मृतीच्या कोणत्या भागाला हात लावते. एखादे फंक्शन बदलले की त्याचा सारांश पुन्हा काढायचा. तो पूर्वीसारखाच निघाला तर काम तेथेच संपले. वेगळा निघाला तरच त्या फंक्शनला बोलावणाऱ्या फंक्शनांकडे वळायचे. बहुतेक बदलांची लाट थोड्या अंतरावर विरते आणि लाखो ओळींना हातही लावावा लागत नाही.

यात एक मेख आहे. नवी माहिती जोडणे सोपे. जुनी माहिती काढून टाकणे अवघड. एकमेकांना बोलावणारी दोन फंक्शने ही एकमेकांचा हवाला देणाऱ्या दोन साक्षीदारांसारखी असतात. ज्या मूळ दस्तावर दोघांची साक्ष उभी होती तो रद्द झाला, तरी 'हा म्हणतो म्हणून तो' अशी साक्ष चालूच राहते. त्यामुळे एखादी ओळ वगळली की तिच्यावर विसंबलेले सर्व निष्कर्ष आधी मागे घ्यावे लागतात आणि मगच ते पुन्हा सिद्ध करावे लागतात. बार्बरा रायडर यांनी १९८३ साली वाढीव विश्लेषणावर निबंध सादर केला. तेव्हापासून संशोधक या विषयाशी झुंजत आहेत.

वेळेचे महत्त्व

वेग वाढल्याने केवळ यंत्राचा वेळ वाचतो असे नाही. फेसबुकने २०१५ मध्ये 'इन्फर' हे आपले विश्लेषक साधन सर्वांसाठी खुले केले. कंपनीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला अनुभव बोलका आहे. रात्रभर विश्लेषण करून चुकांची यादी अभियंत्यांकडे पाठवली, तेव्हा जवळपास एकही चूक दुरुस्त झाली नाही. तेच साधन बदल जोडतानाच इशारा देऊ लागले, तेव्हा दुरुस्तीचे प्रमाण ७० टक्क्यांवर गेले. काम हातात असताना चूक दाखवली तर माणूस ती सुधारतो; आठवड्यानंतर त्याला ती ओळ का लिहिली होती हेही आठवत नाही.

महाराष्ट्रातही या विषयाचा अभ्यास होत आहे. मुंबईच्या आयआयटीतील उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचा आज्ञावलीतील माहितीच्या प्रवाहाचे विश्लेषण उलगडणारा इंग्रजी ग्रंथ २००९ साली प्रकाशित झाला. टाटा समूहाने १९८१ साली पुण्यात सुरू केलेल्या संशोधन केंद्राच्या परंपरेतून 'व्हेरिअ‍ॅब्ज' हे पडताळणीचे साधन घडले. सॉफ्टवेअर पडताळणीच्या २०२० च्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ते एका गटात पहिले आले.

या शास्त्राची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. आज्ञावलीच्या वर्तनाविषयीच्या प्रश्नांचे प्रत्येक वेळी अचूक उत्तर देणारे यंत्र असू शकत नाही, हे हेन्री राइस यांनी १९५३ मध्येच सिद्ध केले. म्हणून काही इशारे खोटे ठरणार किंवा काही चुका निसटणार. शिवाय 'नॉटपेट्या'ने चोरलेल्या पासवर्डचाही वापर केला होता आणि त्याचा मूळ शिरकाव युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीतून झाला होता. चोरलेल्या पासवर्डला ओळींची तपासणी अडवू शकत नाही. मात्र बंदरापासून बँकेपर्यंत सर्व व्यवहार ज्या आज्ञावलींवर चालतात त्या रोज बदलत असतील, तर त्यांची तपासणीही रोजच व्हायला हवी. वर्षातून एकदा दिलेले निर्दोषतेचे प्रमाणपत्र दुसऱ्याच दिवशी जुने झालेले असते.