दिव्यापुढे अंधार

मोटारीच्या पुढच्या दिव्याला दोन धनी असतात. एक आत बसून मोटार हाकणारा आणि दुसरा समोरून येणारा. पहिल्याला रस्ता दिसला पाहिजे आणि दुसऱ्याला तो दिसत राहिला पाहिजे, या दोन्ही अटी पाळील तोच दिवा चांगला. गेल्या काही वर्षांत या दुसऱ्या धन्याची कोणी पत्रास ठेवीनासे झाले आहे. तिन्हीसांजेनंतर पुण्याहून सातारा, नगर किंवा सोलापूर यांपैकी कोणत्याही वाटेला लागावे, म्हणजे आम्ही काय म्हणतो ते वाचकांस उमगेल. समोरून निळसर-पांढऱ्या प्रकाशाचा असा लोट अंगावर येतो की, गाडी निघून गेल्यावरही काही क्षण डोळ्यांपुढे काळोखाखेरीज काही उरत नाही.

या लोटाचे मूळ बहुधा कारखान्यात नसून बाजारात असते. मूळचा हॅलोजन दिवा काढून त्याच खोबणीत झेनॉन वायूचा दिवा बसविण्याचे साहित्य ‘एचआयडी किट’ या नावाने मिळते. दोन नळकांडीवजा दिवे, दोन बॅलास्टच्या डब्या आणि तारांचे एक भेंडोळे एवढा त्याचा संसार. कारागीर ते तासाभरात बसवून देतो, आणि मालक पहिल्याच रात्री खूश होऊन घरी जातो. अलीकडे या किटची जागा एलईडीच्या किटने बऱ्याच अंशी घेतली आहे. परंतु रोग तोच, नाव तेवढे निराळे.

हे साहित्य घेणारा मनुष्य खलपुरुष असतो, असे आम्ही मुळीच मानीत नाही. आपल्या रस्त्यांवर रात्री गाडी चालविणे ही एक परीक्षाच आहे. कडेच्या पांढऱ्या रेषा पुसलेल्या, वळणाच्या पाट्या झाडीत लपलेल्या आणि खड्डा चाक त्यात गेल्यावरच कळणारा! उसाचा हंगाम सुरू झाला की दिवा नाही, लाल परावर्तक नाही, अशा ट्रॉल्यांची रांग साखर कारखान्याच्या वाटेने डुलत चाललेली असते. अशा स्थितीत ‘आपल्याला जरा अधिक उजेड हवा’ असे संसारी माणसाला वाटले, तर त्यात गैर काय? गरज खरी आहे. तिच्यावर सुचविला जाणारा उपाय मात्र खोटा आहे, आणि तो का खोटा आहे हे नीट समजून घेतले पाहिजे.

शाळेत अंतर्गोल आरशाची आकृती ज्यांनी काढली असेल, त्यांना ‘नाभी’ हा शब्द आठवत असेल. प्रकाशाचा उगम नाभीपासून केसभर सरकला तरी परावर्तित किरणांची दिशा बदलते. मोटारीच्या दिव्याची सारी विद्या या एका सूत्रावर उभी आहे. आपल्याकडे असंख्य गाड्यांत असणारा एच-४ जातीचा हॅलोजन दिवा पाहा. त्यात दोन तंतू असतात, एक लांबच्या झोतासाठी आणि एक जवळच्या. जवळच्या झोताच्या तंतूखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडविते, म्हणून आरशाचा केवळ वरचा भाग उजळतो आणि झोत रस्त्याकडे झुकतो. समोरच्याच्या डोळ्यांचे रक्षण करते ती ही वाटी.

झेनॉनच्या दिव्यात तंतूच नसतो. काचेच्या लहानशा कुपीत सुमारे चार मिलिमीटर अंतरावरच्या दोन टोकांमध्ये विजेची ज्योत पेटते. ती पेटविण्यासाठी बॅलास्टला क्षणभर वीस हजारांहून अधिक व्होल्टचा धक्का द्यावा लागतो. ही ज्योत सरळ नसते, किंचित कमानदार असते; तिची प्रखरता सर्वत्र सारखी नसते; आणि मूळ तंतू जिथे होता नेमकी तिथे ती क्वचितच येते. एच-४ चा जवळचा तंतू ५५ वॅट घेऊन सुमारे १,००० ल्यूमेन प्रकाश देतो, तर झेनॉनची ज्योत ३५ वॅटमध्ये सुमारे ३,००० ल्यूमेन देते. म्हणजे, ज्या आरशाची घडण एका उगमासाठी केली, त्यात तिप्पट तेजाचा दुसराच उगम बसवायचा, तोही जागा चुकवून! मग प्रकाश रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर, पाट्यांवर आणि समोरच्याच्या बुबुळांवर पडला, तर त्यात नवल ते काय?

यातली खरी फसगत पुढेच आहे. गाडीच्या नाकासमोरची दहा-वीस मीटर जमीन या दिव्याने लख्ख उजळते आणि चालकाला वाटते, आता सारे स्वच्छ दिसते. वस्तुतः डोळा त्या जवळच्या उजेडाला सरावतो आणि दूरवरचे मंद दृश्य त्याला आणखीच दिसेनासे होते. ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्याला गरज असते ती दूरच्या दृश्याची. त्यातून ८,००० केल्विनचा निळा दिवा घेणाऱ्या हौशी मंडळींस काय म्हणावे! केल्विनचा आकडा हे रंगाचे माप आहे, प्रकाशाचे नव्हे. कारखान्यातून येणारा झेनॉन दिवा साधारण ४,३०० केल्विनचा असतो. आकडा चढवीत नेला की निळेपणा वाढतो आणि उपयोगी प्रकाश घटतो.

झेनॉन दिव्याशी आमचे वैर नाही. बीएमडब्ल्यूने १९९१ साली आपल्या सातव्या मालिकेच्या मोटारीत तो प्रथम आणला, तेव्हा तो उत्तम होता आणि आजही आहे; कारण त्याच्यासाठी स्वतंत्र भिंग, स्वतंत्र पडदा आणि स्वतंत्र आरसा घडविलेला होता. युरोपीय नियमांनी तर २,००० ल्यूमेनहून अधिक तेजाच्या दिव्याबरोबर झोत आपोआप खालीवर करणारी यंत्रणा आणि काच धुण्याची सोय बंधनकारक केली. मागच्या बाकावर तीन पाहुणे बसले की गाडीचे नाक वर उचलते, हे त्या नियमकर्त्यांनी ध्यानात घेतले होते. बाजारातल्या किटमध्ये यांपैकी काहीही येत नाही. काही खोक्यांवर तर ‘रस्त्याबाहेरील वापरासाठीच’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ बारीक टाइपात छापलेली असते. आपले काही रस्ते पाहता ती सूचना पाळली जाते असेही कोणी म्हणेल!

आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०६ वा नियम सांगतो की, दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला दिपविणारा झोत असता कामा नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. परंतु खासगी मोटार एकदा नोंदली गेली की पंधरा वर्षे परिवहन कार्यालयाचे तोंड पाहत नाही. मग तिचा दिवा तपासणार कोण, आणि केव्हा? ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीच्या वेळी हॅलोजनच्या घरात झेनॉन बसविलेला आढळला, तर सर्वसाधारण मोटार नापास होते.

मग अधिक उजेड हवा असणाऱ्याने करावे काय? प्रथम काच पाहावी. प्लॅस्टिकची काच उन्हाने पिवळी पडली असेल, तर तिच्यामागे सूर्य लावूनही उपयोग नाही. ती घासून स्वच्छ करून घ्यावी. नंतर तारांकडे वळावे. अनेक गाड्यांत दिव्याची वीज बारीक तारांतून आणि स्टिअरिंगजवळच्या खटक्यातून वळसा घेत येते आणि वाटेत तिचा दाब उतरतो. हॅलोजनचा दाब दहा टक्क्यांनी उतरला, तर प्रकाश जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. रिले आणि जाड तारा बसवून बॅटरीतून सरळ वीज दिली की, तोच ६०/५५ वॅटचा दिवा जणू कात टाकतो. याच खटाटोपात १००/९० वॅटचे दिवे बसविण्याचा मोह मात्र टाळावा. त्यांनी खोबण वितळते आणि समोरचा दिपतो तो वेगळाच. शेवटी झोताचा नेम. गाडी सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी. जवळच्या झोताची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली दिसली पाहिजे. मागे माणसे किंवा सामान असेल, तर डॅशबोर्डवरचा चक्री खटका फिरवावा. तो कशासाठी आहे हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

एवढे करूनही झेनॉनच हवा, असा ज्याचा आग्रह असेल, त्याने आपल्या गाडीच्या ज्या प्रकारात तो कारखान्यातून येतो, तो प्रकारच घ्यावा. किट बसविताना दिव्यामागचे रबरी झाकण कापून तारा आत घेतात, हेही त्याला माहीत असावे. कोकणात जून महिन्यात त्या भोकातून काय आत जाते, हे सांगावयास नको.

समोरून दिपलेला डोळा पूर्ववत व्हायला काही सेकंद लागतात; साठीच्या माणसाला, विशेषतः मोतीबिंदूची सुरुवात असलेल्याला, त्याहून अधिक. ताशी साठ किलोमीटरने जाणारी गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर पुढे जाते. त्या पन्नास मीटरांत उसाची एखादी अंधारी ट्रॉली उभी असू शकते, सायकलवरून घरी परतणारा एखादा मजूर असू शकतो.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक मोटार धुराच्या दाखल्यासाठी ठरावीक मुदतीने पीयूसी केंद्रावर जातेच. झोताची उंची मोजणारे यंत्र काही अवजड नसते. ते त्याच केंद्रात ठेवून, धुराबरोबर दिवाही तपासावा. वाहनांच्या दिव्यांची मान्यता-चाचणी करणारी ‘एआरएआय’ ही संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. तपासनिसांना शिकविणाऱ्या जाणकारांसाठी परिवहन खात्याला दूर जावे लागणार नाही. हा प्रयोग पुणे जिल्ह्यापासून सुरू करावा, आणि तो उसाचा पुढला हंगाम उभा राहण्यापूर्वी करावा.