तबकडीवरचा ‘हनुमान’: चित्र किती, आवाज किती?

व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके यांचा ‘हनुमान’ हा अॅनिमेशनपट ऑक्टोबर 2005 मध्ये आला, तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या कुंडल-पलूसकडच्या घरांत सिनेमा पाहायचा म्हणजे बहुधा व्हीसीडीच. तिच्यावर 352 गुणिले 288, म्हणजे जेमतेम एक लाख ठिपक्यांचं चित्र मावतं. डीव्हीडीवर चौपट, ब्ल्यू-रेवर तब्बल वीसपट!

अॅनिमेशनला हा फरक जास्त जाचतो. माणसांच्या सिनेमात केस, कापड, धूळ यांच्या गर्दीत दोष लपतात. इथे मात्र सपाट रंग आणि ठळक रेघा. माहिती दाबून बसवली की रेघेभोवती बारीक ठिपके वळवळतात, निळ्या आभाळात पट्टे उमटतात आणि गदा वेगाने फिरली की चित्राचे चौकोनी तुकडे पडतात. व्हीसीडीत चित्राला सेकंदाला साधारण 11.5 लाख बिट मिळतात. डीव्हीडीत ही मर्यादा 98 लाखांपर्यंत जाते.

व्हीसीडीचा आवाज दोनच वाहिन्यांचा. डीव्हीडीत 5.1, म्हणजे सहा वाहिन्यांच्या आवाजाची सोय असते, पण ती ऐकायला तसे स्पीकर हवेत.

मोठ्या पडद्यावर व्हीसीडी ताणून पाहणं हा चित्रकारांवर अन्यायच.

मुलांसाठी जुनी तबकडी घेताना वेष्टणाची मागची बाजू वाचा. ‘5.1’ आणि ‘16:9’ (रुंद चित्र) छापलेली मूळ डीव्हीडी मिळाली तर तीच घ्या. पुसताना मऊ कापड मधून कडेकडे सरळ न्या, गोल फिरवू नका.