गेलेल्या गाड्या

२०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस मुंबईची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमची उतरली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांचे आयुष्य नेमून दिलेले होते. शेवटची पद्मिनी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी टॅक्सी म्हणून नोंदली गेली होती; तेव्हा ३० ऑक्टोबर २०२३ पासून भाड्याने धावण्याचा तिचा हक्क संपला. मुंबई आमच्या किरनापुरापासून शेकडो कोस दूर. आमच्यापैकी कित्येकांनी ती जन्मात एकदा किंवा दोनदा पाहिली असेल. तरीही पुढच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर अंगणात जी मंडळी थांबली, त्यांच्या तोंडी तोच विषय होता, आणि बोलता बोलता प्रत्येकजण मुंबईची टॅक्सी सोडून आपल्या स्वतःच्या हातून निसटलेल्या गाडीवर येऊन ठेपला.

एकाने ज्या ॲम्बॅसडरमधून गोंदियाहून नवरी आणली ती आठवली. दुसऱ्याच्या मामांची फियाट चिंचेखाली सात पावसाळे उभी राहून शेवटी भंगारवाल्याच्या काट्यावर चढली होती. तिचे वजन किती भरले तेही त्यास पाठ होते. हे सारे गृहस्थ एरवी मोठे व्यवहारी. धानाच्या भावात फसलो असे कोणी सहसा कबूल करणार नाही. परंतु गाडी विकून चूक केली हे सांगताना त्यांना कसलाही संकोच वाटला नाही.

या गाड्यांचा एवढा लळा का लागावा, असा प्रश्न आजच्या तरुणांना पडतो. त्याचे एक कारण असे की त्या सहजासहजी मिळत नसत. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली आणि कुर्ल्यास कारखाना उभा केला. तेथे इटलीच्या फियाटची मोटार बनू लागली, आणि १९७४ पासून तिलाच पद्मिनी हे नाव मिळाले. मुलीचे बारसे उशिरा व्हावे तसाच हा प्रकार! तिकडे बंगालात उत्तरपाड्याला बिर्लांची ॲम्बॅसडर बनत असे. मुळात ती इंग्रजांची मॉरिस ऑक्सफर्ड. पण आपल्या खड्ड्यांत ती इतकी मुरली की तिचे परकेपण कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. २०१४ साली तीही बंद पडली. त्या काळी मोटारींचे उत्पादन सरकारी परवान्याने बांधलेले होते. पैसे भरून नाव नोंदवावे आणि वर्षानुवर्षे पाळीची वाट पाहावी, अशी रीत होती. इतक्या प्रतीक्षेनंतर दारात आलेली वस्तू घरची होऊन बसते. पुढे १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि थोड्याच वर्षांत जुन्या गाड्या गोठ्यातल्या म्हाताऱ्या बैलांसारख्या कडेला झाल्या.

आमच्या घरी मात्र फियाटही नव्हती आणि ॲम्बॅसडरही नव्हती. आमच्या बाबांजवळ एक जीप होती.

ती लढाईतली होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अशा सहा लाखांहून अधिक जीपा बनविल्या, आणि युद्ध संपल्यावर आपल्या देशात राहिलेल्यांपैकी पुष्कळशा लिलावात निघाल्या. बाबांची जीप अशीच तीन-चार हातांतून फिरत नागपूरला आली होती. किरनापुरात बाबांची धानाची लहानशी गिरणी होती. तिच्या कामासाठी म्हणून त्यांनी ती घेतली. सुकाणू डावीकडे असे, त्यामुळे ते डाव्या बाजूस बसून ती चालवीत, आणि बाजारच्या दिवशी मुले मुद्दाम उजवीकडून डोकावून "गाडी आपोआप चालते" असे ओरडत. जमिनीतून वर आलेले तीन दांडे, चालकाच्या आसनाखाली पेट्रोलची टाकी, पुढे आडवी करता येणारी काच. तिचे दिवे मागे वळवून इंजिनावर उजेड पाडता येत असे. रात्री रानात गाडी अडली म्हणजे बाबा ते दिवे फिरवीत आणि आम्ही पाना धरून उभे राहत असू. थंडीच्या पहाटे हँडल मारल्यावाचून ती कधी उठली नाही.

गिरणीच्या कामापेक्षा तिने दुसरीच कामे अधिक केली. बालाघाटहून महिन्यातून एकदा फादर येत; त्यांना आडगावी नेऊन पोहोचविणे हे जीपचे काम. अडलेल्या बाईला इस्पितळात नेणे, साप चावलेल्यास नेणे, आणि कधी कधी तेथून मृत देह परत आणणे, हेही तिचेच काम. कोणाची जात वा धर्म तिने विचारला नाही. बाबा त्याबद्दल पेट्रोलचे पैसेसुद्धा घेत नसत, यावरून आईची आणि त्यांची खडाजंगी होई. ती आम्ही पुष्कळ वेळा ऐकली आहे, आणि आज वाटते की आईचे म्हणणे अगदीच चूक नव्हते.

१९६५ च्या पावसाळ्याआधी आमची धाकटी बहीण आजारी पडली. तिला पाचवे वर्ष लागले होते. पाठीत कळ येई, मग ती चालेनाशी झाली. मणक्याचा क्षय झाल्याचे निदान नागपूरला झाले. कित्येक महिने प्लॅस्टरच्या साच्यात निजवावे लागेल, सुया द्याव्या लागतील, असे डॉक्टरांनी सांगितले. बाबांनी आठ दिवस कोणाशी फारसे भाषण केले नाही. नवव्या दिवशी रायपूरकडचा एक लाकडाचा ठेकेदार आला, त्याने जीपचे बोनेट उघडून पाहिले, ओट्यावर बसून नोटा मोजल्या, आणि ती लांजीच्या रस्त्याने घेऊन गेला.

आता जे सांगावयाचे आहे ते आम्ही साठ वर्षे कोणाला सांगितलेले नाही. त्या संध्याकाळी आम्ही गिरणीमागे जाऊन रडलो, आणि ते रडणे बहिणीसाठी नव्हते. आम्ही दहा वर्षांचे होतो. रात्री जपमाळेच्या वेळी आईने बहिणीच्या नावाने प्रार्थना सांगितली तेव्हा आम्ही ओठ हलविले खरे. पण मनात प्रार्थना केली ती अशी, की ठेकेदाराची गाडी वाटेत बंद पडावी आणि त्याने ती परत आणून द्यावी.

त्या महिन्यात फादर सायकलीवरून आले. जीप गेल्याचे ऐकून ते थोडा वेळ स्तब्ध बसले, आणि मग त्यांनी पोपमहाशयांच्या मोटारीची गोष्ट सांगितली. आदल्याच वर्षी, २ डिसेंबर १९६४ रोजी, परमपूज्य पोप पॉल सहावे मुंबईस आंतरराष्ट्रीय युखारिस्तिक परिषदेसाठी उतरले होते. भारतभूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. त्यांच्या वापरासाठी अमेरिकेहून भेट आलेली पांढरी, उघड्या टपाची लिंकन मोटार होती. परत जाताना ती त्यांनी मदर तेरेझांना देऊन टाकली. मदरनी ती आपल्याजवळ ठेवली नाही. पुढे त्यांनी ती सोडतीला लावली आणि आलेला पैसा बंगालमधील शांतिनगर या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीकडे वळविला. फादरांनी सांगितली तेव्हा गोष्ट मोटार मदरना दिल्यापर्यंतच होती. सोडतीचे आम्हांस मागाहून कळले.

बाबांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "फादर, त्या गाडीला सिलिंडर किती?"

फादरांना ते ठाऊक नव्हते. पुढे आम्ही वाचले की आठ. आमच्या जीपला चार होते.

फादरांनी ती गोष्ट सद्भावनेने सांगितली यात शंका नाही. तरी पोपांची मोटार आणि बाबांची जीप एका तागडीत घालणे आम्हांस तेव्हाही पटले नव्हते, आणि आजही पटत नाही. पोपांना ती लिंकन रोमला नेऊन काय करावयाची होती? बाबांना जीप रोज लागत होती. ती गेल्यावर त्यांनी गिरणीचे तांदूळ बैलगाडीने गोंदियास पोहोचविले, दोन वर्षे तोटा सोसला, आणि त्या पावसाळ्यात ज्यांना वेळेवर इस्पितळ मिळाले नाही असे आमच्या माहितीतले दोघेजण होते. त्यांपैकी एक आमच्या वर्गातला मुलगा. बाबांनी त्याच्या घरी जाणे टाळले नाही, पण परतल्यावर ते जेवले नाहीत.

बहीण बरी झाली. आठ महिन्यांनी ती घरी आली तेव्हा नव्याने चालावयास शिकली. आता तिला नातवंडे आहेत.

अलीकडे जुन्या गाड्यांना पुन्हा मान आला आहे. १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेल्या मोटारी देशाबाहेर पाठविण्यावर निर्बंध आहेत. हे निर्बंध येण्यापूर्वी संस्थानिकांच्या कित्येक सुंदर मोटारी परदेशी व्यापाऱ्यांनी नेल्या, हे आपले दुर्दैव. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने नवा नियम केला. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीला 'व्हीए' ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो. पहिल्या नोंदणीस वीस हजार रुपये पडतात आणि ती दहा वर्षे चालते. अशी गाडी रोजच्या वापरास अथवा धंद्यास लावता येत नाही. प्रदर्शनात न्यावी, मिरवणुकीत न्यावी. बाबांना हा नियम ऐकवला असता तर त्यांनी विचारले असते, की मग अडलेल्या बाईने काय करावे?

आमची जीप अजून कोठे असेलच, तर तिला ओळखण्याची एक खूण आम्ही जपून ठेवली आहे. लढाईतल्या जीपच्या पुढल्या जाळीत नऊ उभ्या फटी असत. युद्धानंतर नागरिकांसाठी बनलेल्या जीपांना सातच. त्यामुळे कोठेही जुनी जीप दिसली की आम्ही प्रथम फटी मोजतो. बायकोला हे ठाऊक आहे. आम्ही थांबलो की ती पिशवी खाली ठेवून उभी राहते.

गेल्या हिवाळ्यात लांजीच्या बाजारात एका भाजीवाल्याच्या मागे हिरवी जीप उभी दिसली. टप फाटलेले, एक दिवा गेलेला. त्या दिवशी बहीणही बरोबर होती. आमच्या आधी तीच पुढे झाली आणि बोट लावून मोजू लागली. मग मागे वळून म्हणाली, "दादा, सातच आहेत रे," आणि मेथीच्या जुडीचा भाव विचारावयास गेली.