एकाच नाकपुडीतून रक्त

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातील एका वाचकाने पोळ्यानंतर विचारलं आहे : ‘आमचा बैल महिनाभरापासून डोकं सारखं झटकते, उजवं शिंग खांबाला घासते. आता उजव्याच नाकपुडीतून रक्त येऊन राहिलं. शिंगाचा अन् नाकाचा काय संबंध?’

आधी तातडीचं उत्तर : बैलाला आजच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. शिंग ढिलं होऊन कलायची वाट पाहू नका. हा शिंगाचा कर्करोग असू शकतो आणि यात प्रत्येक आठवड्याला किंमत आहे.

आता संबंधाचं. वासराचं कोवळं शिंग आतून भरीव असतं. सहा-आठ महिन्यांनंतर कपाळाच्या हाडातली हवेची पोकळी, म्हणजे सायनस, हळूहळू शिंगाच्या गाभ्यात शिरू लागते. जाणत्या बैलाच्या शिंगात बाहेर केराटिनचं कवच, त्याच्या आत हाड आणि हाडाच्या आत हवा असते. त्या हवेची वाट नाकात उघडते. डाव्या आणि उजव्या सायनसच्या मध्ये पडदा असतो, म्हणून उजव्या शिंगात झालेला बिघाड उजव्याच नाकपुडीतून कळतो. वाचकाने ‘उजव्याच’ हा शब्द लिहिला तिथेच निम्मं निदान झालं होतं.

उरलेल्या निम्म्यासाठी अनुभवी पशुवैद्य आधी बोटाने शिंग ठोठावतो. बाजारात माठ घेताना आपण कान देऊन ऐकतो, तसंच हे ऐकणं. निरोगी शिंग पोकळ वाजतं, गाठीने भरलेलं शिंग बद्द वाजतं. पण एवढ्यावर थांबून चालत नाही. नाकातून रक्त येण्याची कारणं अनेक आहेत : आत शिरलेली जळू, मार लागून आतून तडकलेलं शिंग, सायनसमधला पू, किंवा नाकाच्या शिरांत राहणारा आणि जनावराला घोरायला लावणारा चपटकृमी. खात्री देतो तो फक्त सूक्ष्मदर्शक.

काचपट्टीवर जे दिसतं ते मला नेहमीच थक्क करतं. सायनसच्या नाजूक अस्तराच्या पेशी आपलं काम सोडून भलतंच करू लागलेल्या असतात. त्या थरावर थर चढवत केराटिनचे गोल मणी घडवतात. पॅथॉलॉजीत त्यांना ‘केराटिनचे मोती’ म्हणतात. शिंगाचं कवच ज्या जातीच्या प्रथिनाचं, त्याच जातीचं प्रथिन इथे शिंगाच्या पोकळीत, नको त्या जागी तयार होत असतं. पुढे ही वाढ हाड पोखरते, शिंग कलतं, गळून पडतं. उघड्या जखमेवर माश्या बसतात आणि किडे पडतात. वेळेत कळलं तर भूल देऊन शिंग मुळापासून काढता येतं, व्हिन्क्रिस्टिनसारखं औषधही देता येतं.

युरोप-अमेरिकेतल्या पशुवैद्याच्या लेखी हा आजार दुर्मीळ आहे. तिकडे वासरांची शिंगं लहानपणीच काढतात आणि खच्ची केलेला नर मांसासाठी तरुणपणीच संपतो. दहा वर्षं जू ओढणारा बैल त्यांच्या पाहण्यात नसतो. आपल्याकडे वशिंडाच्या, लांब शिंगांच्या देशी बैलांत मात्र हा जुना, ओळखीचा रोग आहे. म्हणून ‘दुर्मीळ’ हा शब्द वाचला की मी विचारतो : कुणासाठी, आणि मोजलं कुणी?

असा प्रश्न विचारायला ज्यांनी शिकवलं त्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांचं नाव आज फार थोड्यांना आठवतं, याचं मला वाईट वाटतं. परळच्या टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे ते प्रमुख होते आणि १९५२ साली उभ्या राहिलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे संस्थापक. १९४५ साली त्यांनी सूर्याबाई यांच्याबरोबर एक निबंध लिहिला. त्यात भारतीय सवयींशी जोडलेले तीन कर्करोग होते. ओठाच्या आत तंबाखू-चुना धरल्याने होणारा पहिला. चुट्ट्याचं, म्हणजे गावठी चिरुटाचं, पेटतं टोक तोंडात ठेवून ओढणाऱ्यांच्या टाळूला होणारा दुसरा. आणि तिसरा धोतराचा : वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट कसलेल्या धोतराने कमरेची कातडी घासली जाऊन तिथेच उठणारा. परदेशी पुस्तकांत असो वा नसो, समोरच्या माणसाची राहणी पाहायची आणि कारण शोधायचं, ही खानोलकरांची रीत.

मुंबईच्या नाईक, बालकृष्णन आणि रांदेलिया या संशोधकांनी बैलाच्या शिंगाकडेही असंच पाहिलं. कोणत्या देशी जातीत हा कर्करोग किती आढळतो, याचा त्यांचा अभ्यास १९६९ साली ब्रिटनमधल्या पशुवैद्यकाच्या नियतकालिकात आला. गुजरातची कांकरेज जात या रोगाच्या बाबतीत कायम पुढे राहिली आहे.

कारणांचा गुंता मात्र सुटलेला नाही. संशयित पुष्कळ आहेत : दोराचं घासणं, शिंगं तासणं, पोळ्याला लावलेला ऑइलपेंट, खच्चीकरणाने बदललेले हार्मोन. गायींत आणि सांडांत हा रोग कमी, बैलांत जास्त. पण बैल खच्चीही केलेला असतो आणि जुंपलेलाही असतो, मग दोष कशाला द्यायचा? हे वेगळं करण्याची एक सोपी वाट यवतमाळच्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे, असं मला वाटतं. आपला कोणता बैल डावीकडे जुंपतो आणि कोणता उजवीकडे, हे तो झोपेतही सांगेल. घासण्याचाच दोष असेल, तर रोगी शिंगाची बाजू आणि जुंपण्याची बाजू यांत काही मेळ दिसायला हवा. मेळ दिसला नाही, तर दोरावरचा संशय कमी होतो. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. केसपेपरवर एक ओळ वाढवली तरी पुरे.

अशीच एक ओळ दोन तोंडांचं किंवा जादा पायांचं वासरू जन्मतं तेव्हाही लिहिली जात नाही. गर्दी जमते, फोटो फिरतो, कुणी हळद-कुंकू वाहतं आणि संध्याकाळी वासरू पुरलं जातं. अमेरिकेतल्या आयडाहोत १९५० च्या दशकात कपाळावर एकच डोळा असलेली कोकरं जन्मत होती. शास्त्रज्ञ मेंढ्यांच्या कळपामागे कुरणांत राहिले आणि मूळ सापडलं : गाभण मेंढीने चौदाव्या दिवसाच्या सुमारास खाल्लेली एक रानटी वनस्पती. तिच्यातल्या रसायनाचं नाव सायक्लोपामाइन. गर्भाचा चेहरा घडवणारा ‘हेजहॉग’ नावाचा पेशींचा संदेश ते अडवतं, हे पुढे १९९० च्या दशकात कळलं. माणसाच्या एका त्वचेच्या कर्करोगात हाच संदेश अखंड चालू राहतो. तो बंद करणारं व्हिस्मोडेजिब हे औषध २०१२ साली अमेरिकेत मंजूर झालं. विकृत कोकरू आणि कर्करोगाची गाठ यांना जोडणारा हा धागा मिळाला, कारण मेंढीने काय खाल्लं, हे कुणीतरी विचारलं.

सध्या मोबाइलच्या फोटोवरून रोग ओळखणाऱ्या ॲपची मोठी चर्चा आहे. कातडीवरच्या गाठीसाठी त्यांचा उपयोग होईलही. शिंगाच्या पोकळीत मात्र कॅमेऱ्याला काही दिसत नाही, आणि ज्या रोगाचे तपासलेले नमुनेच थोडे, तो यंत्राला शिकवणार कोण? आपल्याला आधी लागते ती रुंद तोंडाची बरणी. रोगट आणि निरोगी भाग जिथे मिळतात, तिथला अर्ध्या सेंटिमीटर जाडीचा तुकडा घ्यावा आणि तुकड्याच्या दहापट १० टक्के फॉर्मलिनमध्ये बुडवावा. तुकडा जाड असेल तर फॉर्मलिन आत पोचेपर्यंत मधला भाग सडतो. नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासून आहे, अकोल्यात पदव्युत्तर संस्था आहे. यवतमाळहून हे काही फार लांबचं अंतर नाही.

हे काम आताच करायला हवं. डवरणी-वखरणीला ट्रॅक्टर आले आणि बैलजोड्या दरवर्षी कमी होत आहेत. त्याबरोबर हा रोगही विरळ होत जाईल आणि त्याचं कारण कायमचं हातातून निसटेल. म्हणून वाचकाला एक विनंती : बैलाला दवाखान्यात नेताना डॉक्टरांना त्याचं वय सांगा, तो कोणत्या वयात खच्ची केला ते सांगा, आणि तो जुवाच्या कोणत्या बाजूला चालतो, हे आवर्जून लिहून घ्यायला सांगा.